चांगुणाबाईची बेटावरची कांदाचाळ

...आणि खालून असा आवाज आला, की जात्यात खडा सापडावा. खर्रर्र! बोट एकदा थरथरली, डाव्या अंगाला कलंडली आणि जी थांबली ती थांबलीच. काल आपण इथंच उठलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागं जाऊ, नाहीतर भर समुद्रात चांदवडची माणसं कुठून उगवली, हा घोळ डोक्यात राहायचा.

साल अठ्ठ्याहत्तर. वैशाख लागायचा होता. लक्षद्वीपातल्या एका बेटाच्या तोंडाशी ही मालवाहू बोट पाण्याखालच्या खडकावर चढून बसली. बोटीच्या पोटात आपल्याकडचा उन्हाळ कांदा, आणि गोण्यांवर बसलेली एक जोडी: सावळीराम पगारे आणि त्याची बायको चांगुणाबाई. जिल्ह्याबाहेर दोघं एकदाच गेलेली, नागपूरला दीक्षाभूमीवर. पाणी म्हणून जे पाहिलं ते गोदावरीचं आणि पुरातल्या ओढ्याचं.

आता ही चांगुणाबाई कोण? गावातल्या निवडणीच्या बायकांची मुकादम. कांदा खळ्यावर आला की बारका-मोठा वेगळा करायचा, जोडकांदा बाजूला काढायचा आणि टिकाऊ तेवढा हवेशीर कांदाचाळीत भरायचा, हे त्या टोळीचं काम. कांद्याची मान अंगठ्यानं दाबली की बाई सांगून मोकळी, "ह्यो दसऱ्याला बी हसत असंल. ह्यो मातर पोळ्याआधीच जायचा." अंगानं काटकुळी, पण आवाज असा की ती ओट्यावर बोलली तर पलीकडच्या वस्तीवरचे बैल कान टवकारायचे. सावळीराम त्याच्या उलट. दिवसाकाठी जे चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "व्हय" आणि उरलेले दोन "बरं".

त्या वर्षी गावच्या सोसायटीला एक नवलाची मागणी आली. चार बेटांना पावसाळाभर पुरेल एवढा कांदा पाहिजे. पावसाळ्यात तिकडचा समुद्र बंद पडतो, बोटी जात नाहीत, येत नाहीत. जे काय भरायचं ते आधीच भरून ठेवायचं. याआधी ज्यांनी कांदा पाठवला, त्यांच्या मालाचा आषाढातच चिखल झाला होता. म्हणून सोसायटीचे चेअरमन फकिराअण्णा म्हणाले, "कांद्यासंगं माणूस पाठवू. चाळ बांधून, भरून, शिकवून यील." आणि माणूस म्हणजे जोडी. चाळीचं काम एकट्याचं नव्हेच. एकानं आत रचायचं, एकानं बाहेरून द्यायचं.

ही मागणी टिकली, तर दरसाल बेटांचा कांदा गावातच निवडला जाणार होता. चांगुणाच्या टोळीतल्या बायका उन्हाळ्यात पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जायच्या. ते जाणं थांबणार होतं. बाईचा जीव अडकला होता तो तिथं.

नाशिकच्या मार्केटात ट्रक भरत होते तेव्हा खंडेराव शेठ आडत्या पान लावत उभा. पोट पुढं, टोपी मागं. म्हणाला, "काय रे सावळीराम, बायकोला पोहायला शिकवलंस का?"

चांगुणाबाईच म्हणाली, "आमी हलकी मान्सं, शेठ. आपसूक तरंगतो. काळजी जडानं करावी."

हमाल फसाफसा हसले. शेठचं पान जिथल्या तिथं राहिलं. "तोंड लय चालतंय तुझं. पण ऐक. नाशिकचा कांदा घाट उतरला की रडायला लागतो. ह्यो बी रडंल."

"पावसाळा सरंस्तोवर त्या चारी बेटांच्या ताटात माझा कांदा दिसंल," बाईनं भर यार्डात आवाज लावला. "नाय दिसला, तर पुना निवडणीच्या ओट्यावर पाय ठिवायची नाय मी!"

झालं. शब्द गेला. मुकादमीण ओट्यावरून उतरली म्हणजे तिनं करायचं काय? पण बोलून गेली. ट्रक मंगळूरला गेले, कांदा बोटीत चढला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. खर्रर्र!

ती बेटं कशी असतात ते आधी डोळ्यापुढं आणा. परातीत पाणी घ्यावं आणि परातीच्या काठाशी मूठभर माती ठेवावी, तसं. काठ म्हणजे प्रवाळाचा खडक, आतलं पाणी शांत, आणि त्या काठाला एकच खिंड. येणारं-जाणारं सगळं त्या खिंडीतून. आपली बोट नेमकी त्या खिंडीत आडवी पडली. ओहोटीची ओढ होती, इंजिनानं ऐन वेळी उचकी खाल्ली आणि बोट फिरली. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी बसली.

मागून रॉकेल आणि तांदूळ घेऊन दुसरी बोट येत होती. ती बाहेर घिरट्या घालून परत फिरली. बेटावरच्या मोठ्या होड्या आत कोंडल्या. उरलेल्या तीन बेटांचा कांदा याच पोटात, तो इथंच अडकला. आणि समुद्र रोज थोडा थोडा फुगायला लागलेला.

बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, इब्राहिम रत्नागिरीकडचा, पांढऱ्या दाढीचा. त्याला मराठी यायची, हेच नशीब. तो म्हणाला, "बाय, बोट हलकी केल्याबिगर सुटायची नाय. माल उतरवूक लागंल. तुमचा कांदा हयसरच राहिला समजा."

"आन् बाकीची तीन बेटं?"

"पाऊस सरल्यावर."

चांगुणाबाईनं समुद्राकडं पाहिलं, गोण्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. सावळीराम कठड्याला धरून मंगळूरपासून जे पोटातलं काढत होता ते अजून संपलं नव्हतं.

"अवो, झालं का तुमचं? उतरा आता. चाळ बांधायची हाय."

सावळीराम ओठ पुसून म्हणाला, "बरं."

गावातल्या लहान होड्या आल्या. बाप्ये, बाया, म्हातारी-कोतारी, सगळं बेट किनाऱ्याला. गोण्या हातोहात उतरल्या. सगळा माल निघाला तशी बोट वर आली. अमावस्येच्या भरतीला तिला दोर लावले आणि अख्खं गाव ओढायला उभं राहिलं. एकजण ताल धरायचा, बाकीचे ओढायचे. ताल काही जमेना, जो तो आपापल्या वेळी ओढतोय. मग चांगुणाबाईनं पदर खोचला आणि आपल्याकडं विहिरीतून मोट काढताना देतात तशी लांबलचक हाळी दिली. भाषा कुणाला कळते? पण कुठं जोर लावायचा ते कळलं! बोट खडक खरवडत आत, शांत पाण्यात शिरली. पोरं नाचायला लागली. इब्राहिम तांडेल म्हणाला, "बाय, तुला खलाशी म्हणून घेतो." ती म्हणाली, "आधी ह्यान्ला घ्या. ह्यांचं पोट आता रिकामं झालंय."

खिंड मोकळी झाली खरी, पण उशिरा. बोटीच्या बुडाला चीर होती आणि बाहेर लाटा माडाएवढ्या. बोट पावसाळाभर तिथंच. जोडीही तिथंच. बिनतारीवरून गावाला निरोप गेला: बोट अडकली, माणसं खुशाल. नाशिकच्या मार्केटात पोचेपर्यंत त्या निरोपाचं काय झालं म्हणता? खंडेराव शेठ ज्याला त्याला सांगत सुटला, "चांगुणा कांद्यासकट बुडाली!" फकिराअण्णांनी दोनदा यार्डात येऊन सांगितलं की बाबा, जिवंत आहेत. शेठ म्हणाला, "माणसं असतील. कांद्याचं बोला."

इकडं चाळ उभी राहिली. आणि काय राहिली! बांबू नाही, म्हणून माडाच्या फळ्या. दगड नाही, म्हणून किनाऱ्याचा पांढरा प्रवाळ. त्यावर हातभर उंच माच, दोन्ही अंगाला फटीफटीच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर. आणि तोंड? आपल्याकडं चाळ कशी बांधतात? वाऱ्याला आडवी. पश्चिमेचा वारा एका अंगानं शिरावा, कांद्याचा घाम पुसावा, दुसऱ्या अंगानं निघून जावा. चांगुणाबाईच्या बापानं अशीच बांधली, आजोबानं अशीच बांधली. तिनंही बांधली. अगदी समुद्राला छाती लावून.

शेजारी आमिनाबी नावाची बाई राहायची. मासळी सुकवण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. ती चाळीकडं बघायची, समुद्राकडं बघायची, मान हलवायची आणि हातानं दाखवायची: फिरवा, फिरवा. चांगुणाबाई हसायची. "अगं बाई, मासळीचं तू बघ. कांद्याचं मला सांगू नगंस." तांडेलानं सांगायचा प्रयत्न केला, तर त्यालाही तेच.

वैशाखभर कांदा खणखणीत वाजला. बाई रोज सकाळी चाळीपुढं कमरेवर हात देऊन उभी राहायची. "बगा म्हणावं खंडेराव शेठ!"

आणि मग पावसाळा आला.

आपल्याकडचा पाऊस वरून पडतो. तिथला आडवा येतो. वारा समुद्राचं पाणी उचलून आणतो, मिठासकट. चाळीच्या ज्या फटीतून वारा कांद्याचा घाम पुसायचा, त्याच फटीतून आता खारं पाणी आत शिरायला लागलं. आणि मीठ म्हणजे काय, हवेतली ओल शोषून घेणारं. कांद्याची सालं चिकट झाली. एका सकाळी चांगुणाबाईनं समुद्राकडच्या अंगाला हात घातला, कांदा काढला, मान दाबली आणि अंगठा आत गेला.

ती तिथंच बसली. सावळीरामनं दुसरा काढला, तिसरा काढला. काळी बुरशी. काहींना कोंब. नाकाला तो वास. ज्यानं कांद्यात जन्म काढला त्याला तो वास मढ्याच्या वासासारखा लागतो.

"चाळ वाऱ्याला दिली मी," ती म्हणाली. "आपल्या वाऱ्याला दिली. हितला वारा निराळाच हाय."

सावळीराम म्हणाला, "ती सांगत व्हती."

लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्यानं आपणहून एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं. चांगुणाबाई उठली, भर पावसात आमिनाबीच्या दारात गेली, दोन्ही हात जोडले आणि मग तेच हात हवेत फिरवून दाखवले: फिरवते, फिरवते, पण आता कशी फिरवू?

आमिनाबीनं टोमणा मारला असणार. मारलाच असणार, कारण तिची सून तोंडावर ओढणी घेऊन हसली. पण भाषा येत नसली की टोमणा लागत नाही, हा एक फायदा. मग आमिनाबीनं चांगुणाबाईचा हात धरला आणि घरामागच्या काळ्याकुट्ट खोपटात नेलं. आत वर माचच माच. भिंती काजळीनं चकचकीत. तिथल्या लोकांची रीत अशी, की कुपा मासा उकडायचा, त्याचे लांब तुकडे करायचे आणि या खोपटात नारळाच्या सोडणाच्या, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीच्या, धुरावर सुकवायचे. तो तुकडा असा होतो की टेबलावर आपटला तर लाकडासारखा वाजतो. वर्षभर कीड लागत नाही. आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मासळी नाही, म्हणून ही खोपटी घरोघर रिकामी!

चांगुणाबाईनं भिंतीला हात लावला. कोरडी. बाहेर आभाळ फाटलंय आणि भिंत कोरडी! तिच्या डोळ्यांत काय चमकलं ते त्या काळोखातही दिसलं असेल.

पण एक शंका. तिनं कांदा नाकाला लावला, मग माचाकडं बोट दाखवलं आणि नाक मुरडलं. कांद्याला मासळीचा वास लागला तर? आमिनाबीनं तांडेलाला बोलावलं. तो हसत हसत म्हणाला, "ती म्हणता, चारी बेटांवरची माणसं मासे खातात. वास लागलो तर कांदा जास्तच खपंल."

मग जे झालं ते बघायला आपण पाहिजे होतो. पुन्हा सगळं बेट बाहेर आलं. डोक्यावर झावळ्यांची इरली, हातात टोपल्या. चांगुणाबाई चाळीत बसून निवडत होती. चांगला इकडं, मऊ तिकडं, कोंबाचा आजच भाजीत. समुद्राकडचा थर गेला तो गेला. पण आतला कांदा अजून जिवाचा पक्का होता. प्रत्येक घरानं आपल्या खोपटात माच भरला, जे उरलं ते चुलीवरच्या फळीवर. कुणाच्या घरात किती, याची नोंद कुणी केली नाही. "आपलंच हाय," एवढं सावळीराम म्हणाला आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

धूर मात्र बाईनं आपल्या हातात ठेवला. आमिनाबीचा हात मासळीचा, ती जाळ करायची. "अगं, भाजतीस का काय?" म्हणत चांगुणाबाई सोडणं ओढून काढायची. मग आमिनाबी म्हणायची, "पुकै, पुकै!" म्हणजे धूर, धूर पाहिजे. दोघी चुलीपुढं भांडायच्या, ही मराठीत, ती तिच्या भाषेत. दोघींची सुनेला एकसारखीच भीती. शेवटी ठरलं: दुपारी आमिनाबीचा धूर, सांजेला चांगुणाबाईची राख. नुसती ऊब. चार खोपटी असं करून पाहिली, जमलं, मग सगळं बेट तसंच करायला लागलं. आणि जुनी चाळ? तीही फिरवली. समुद्राकडचं अंग झावळ्यांनी घट्ट विणून बंद केलं, माडांच्या बाजूचं उघडं ठेवलं. तांडेल म्हणाला, "आता ही आमची चाळ झाली." चांगुणाबाई म्हणाली, "निम्मी."

श्रावण गेला. भादव्यात समुद्राचा फेस निवळला आणि एक दिवस परातीच्या काठापलीकडं शीड दिसलं. शेजारच्या बेटाची होडी. पावसाळ्यानंतरची पहिली. त्यातला म्हातारा उतरला तोच हात पसरत म्हणाला, तांदूळ आहे, कालवणाला कांदा नाही, आणि बिनतारीवर ऐकलं, आमचा कांदा तुमच्याकडं सडला म्हणे?

तर अंगणाअंगणातून टोपल्या निघायला लागल्या. एकामागून एक. काजळीनं जरा काळसर, पण दाबून बघा, दगड! किनाऱ्यावर रास चढत गेली. म्हाताऱ्यानं एक कांदा फोडला, वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला आणि काहीतरी बोलला. सगळे खदखदून हसले. चांगुणाबाई कासावीस. "काय म्हणतोय? काय म्हणतोय त्यो?"

तांडेल डोळे पुसत म्हणाला, "म्हणतो, या कांद्यात मासा घालायची गरज नाय. आधीच घातलेला आसा!"

बोटीच्या बुडाची चीर बुजवली होती. कांदा पुन्हा तिच्या पोटात भरला. जी बोट खिंडीत आडवी पडून चार बेटांची वाट अडवून बसली होती, तीच आता भोंगा वाजवत खिंडीतून सरळ बाहेर पडली आणि तिन्ही बेटांना कांदा देत फिरली. प्रत्येक बेटावर ढोल. प्रत्येक बेटावर चांगुणाबाईला होडीतून उतरवून घ्यायला बायका पाण्यात कमरेएवढ्या उभ्या. सावळीराम या खेपेला ओकला नाही. कठड्याशी उभा राहून त्यानं इब्राहिम तांडेलाला सांगितलं, "लय भारी हाय ह्ये." तांडेल चाट पडला. सहा शब्द झाले असते तर बेशुद्धच पडला असता.

जोडी नाशिकला परत आली तेव्हा दसरा तोंडावर. मार्केट यार्डात कांद्याची आवक थोडी, माणसांची जास्त, कारण बातमी आधी पोचलेली. बेटांच्या सोसायटीची तार आली होती: पुढच्या साली दुप्पट कांदा, याच गावचा. टोळीतल्या बायका एका ट्रकमध्ये दाटीवाटीनं बसून गावाहून आल्या होत्या. मैना, सिंधुबाई, लताबाई, सगळ्या. पुढच्या उन्हाळ्यात भट्टीवर जायचं नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. चांगुणाबाई उतरली तशी त्यांनी तिला उचललीच. काटकुळी बाई, वरच्या वर तरंगत ओट्यावर गेली.

खंडेराव शेठ आला. आला खरा. मान्य करायचं तर काही निमित्त तरी पाहिजे, म्हणून म्हणाला, "बघू तरी तो कांदा."

तिनं पिशवीतून काढून दिला. शेठनं सालं सोलली, नाकाला लावला. भुवया वर गेल्या. "अरे, हा तर सुक्या बोंबलाच्या वासाचा!"

"खावा की."

शेठनं हातानं फोडला. पाकळी तोंडात टाकली. हमाल, तोलणार, ट्रकवाले, सगळे शेठच्या जबड्याकडं बघताहेत. जबडा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आणि शेठनं उरलेला अर्धा कांदा मुकाट्यानं रुमालात बांधून खिशात घातला.

असा आरडाओरडा झाला म्हणता! शिट्ट्या, टोप्या हवेत, मैनाबाईनं तर शेठचीच टोपी उडवली. शेठही हसला बिचारा. म्हणाला, "हरलो बाई. घाट उतरूनबी रडला नाही तुझा कांदा."

गलका जरा निवला तेव्हा फकिराअण्णा ओट्याजवळ आले. म्हातारा गहिवरला होता, पण चेअरमन तो चेअरमनच, पुढच्या सालाचा विचार आधी. म्हणाले, "चांगुणाबाई, एवढे हाल झाले, बोट अडकली, चाळ भिजली, पावसाळाभर परमुलखात राहिलात. खरं सांगा, पुढल्या साली पुन्हा जाल का?"

चांगुणाबाईनं पदर सावरला, कमरेवर हात दिला आणि अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"जाते की, अण्णा! फकस्त तवा चाळीचा सांगावा आधी धाडा, आमिनाबीला बांधून ठेवू द्या. मागनं जहाज खडकावर चढतंय का खाली उतरतंय, त्याची मला काय बी फिकीर नाय!"